मंडळीच्या वहीबाहेर

बाप्तिस्मा न घेता कुणी ख्रिस्ती असू शकतं का? आणि बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने पुढे चर्चशी संबंध तोडला, तर तो ख्रिस्ती उरतो का? ख्रिस्ती शेजारी किंवा वर्गमित्र असलेल्या कुणाच्याही मनात हे प्रश्न येतात, पण विचारायला संकोच वाटतो. ख्रिस्ती घरांतही ते विचारले जातात, फक्त जरा दबक्या आवाजात आणि पाळकसाहेब चहा घेऊन निघून गेल्यावर.

प्रश्न साधे दिसले तरी महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या माणसांचं आयुष्य त्यांच्यात गुंतलं होतं. एक पंडिता रमाबाई, दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. दोघंही ब्राह्मण, दोघंही संस्कृतात मुरलेले, आणि दोघांनीही स्वतःच्या मर्जीने बाप्तिस्मा घेतलेला. पुढे दोघांनाही चर्च नावाच्या चौकटीत अवघडल्यासारखं झालं. त्यांची गोष्ट नीट कळायची तर आधी दोन-तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

१. नाव कुठे लिहिलेलं असतं?

नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगर आहे. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं गाव म्हणून ते ओळखलं जातं. असा कुठलाही सहकारी कारखाना घ्या. तिथे सभासदांची नोंदवही असते. शेअर घेतला, नाव चढलं, मताचा हक्क आला. आता एखाद्या सभासदाने वर्षानुवर्षं एक टिपरूही घातलं नाही, तरी त्याचं नाव वहीत असतं. त्याच्या बांधाला बांध लागून असलेला बिगरसभासद मात्र दर हंगामात ट्रॅक्टर भरभरून ऊस आणतो, आणि वहीत त्याचं नाव नसतं. मग कारखाना कुणाचा? वहीला विचारलं तर एक उत्तर मिळतं, गव्हाणीपाशी उभं राहून पाहिलं तर दुसरं. सहकार कायद्यालाही हा पेच टाळता आला नाही. २०१३च्या दुरुस्तीत त्याला क्रियाशील आणि अक्रियाशील सभासद असा भेद करावा लागला.

चर्चचं असंच आहे. एक मंडळी डोळ्यांना दिसते. तिची इमारत असते, पाळक असतो, रविवारची उपासना असते आणि नावांची नोंदवही असते. कॅथलिक धर्मग्रामात मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा बाप्तिस्मा होतो आणि नाव नोंदलं जातं. ज्या मंडळीत स्वतःच्या तोंडाने विश्वासाची साक्ष द्यावी लागते, तिथे ती दिल्यावर नाव चढतं. गाव बदललं की जुन्या मंडळीचं पत्र नव्या मंडळीत दाखवायचं. ही झाली दृश्य मंडळी.

दुसरी मंडळी कुणाला दिसत नाही. खरोखर ख्रिस्ताचे असलेले सगळे लोक तिच्यात येतात, मग ते कुठल्याही गावचे, कुठल्याही काळातले असोत. त्यांची नावं फक्त देवाला ठाऊक. या दोन मंडळ्या तंतोतंत जुळत नाहीत, हे ख्रिस्ती विचारवंतांनी फार पूर्वी कबूल केलं आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन म्हणत होता की आत दिसणारे काही जण खरं तर बाहेर आहेत आणि बाहेर दिसणारे काही आत. सोळाव्या शतकात लूथर आणि कॅल्व्हिन यांनी हाच धागा पुढे नेला.

ऑगस्टीन हे म्हणाला आणि बिशपच राहिला. वहीत चुका असतील, पण वही हवीच, असं त्याचं मत होतं. चर्च सोडणारी माणसं याच्या पुढचं पाऊल टाकतात. खरी मंडळी जर अदृश्य असेल, तर या दिसणाऱ्या मंडळीत आपलं नाव राहिलं काय आणि गेलं काय, असं त्यांना वाटू लागतं.

२. पाणी आधी की आत्मा आधी?

नाव वहीत चढवण्याचं साधन म्हणजे बाप्तिस्मा. पण बाप्तिस्मे दोन आहेत.

नव्या करारात बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीत लोकांना बुडवतो आणि सांगतो की माझा बाप्तिस्मा पाण्याचा आहे, माझ्यामागून येणारा तुम्हाला पवित्र आत्म्याने आणि अग्नीने बाप्तिस्मा देईल. पाणी बाहेरून अंगावर पडतं. आत्मा आतून माणूस बदलतो. हे दोन एकाच वेळी घडतात की वेगवेगळ्या वेळी? एकाशिवाय दुसरं चालतं का?

उत्तरासाठी ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडावं तर गोंधळ वाढतो. आठव्या अध्यायात शोमरोनातले लोक फिलिप्पाकडून पाण्याचा बाप्तिस्मा घेतात, पण पवित्र आत्मा त्यांच्यावर उतरतो तो नंतर, पेत्र आणि योहान येऊन डोक्यावर हात ठेवतात तेव्हा. दहाव्या अध्यायात क्रम उलटा होतो. कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीच्या घरी पेत्र बोलत असतानाच आत्मा ऐकणाऱ्यांवर उतरतो. ही माणसं यहुदी नाहीत, बाप्तिस्मा तर झालेलाच नाही. पेत्राबरोबरचे लोक थक्क होतात. मग पेत्र विचारतो की ज्यांना आत्मा मिळाला त्यांना पाणी कसं नाकारायचं? आणि पाणी मागवतो. क्रुसावर येशूच्या शेजारी टांगलेल्या चोराला तर पाणीही मिळत नाही, हात ठेवायलाही कुणी नसतं, तरी सुखलोकाचं वचन मिळतं.

म्हणजे एकाच नव्या करारात तीन क्रम आहेत. पाणी मग आत्मा, आत्मा मग पाणी, आणि पाण्याविनाच.

पंथांची भांडणं बहुतेक इथूनच फुटतात. कॅथलिक आणि अँग्लिकन म्हणतात की पाण्याच्या बाप्तिस्म्यातूनच देवाची कृपा काम करते, म्हणून तान्ह्या बाळालाही तो द्यावा. बाप्टिस्ट म्हणतात की आधी विश्वास, मग पाणी, तेही शिंपडून चालायचं नाही, पुरतं बुडवायला हवं. पेंटेकोस्टल म्हणतात की पाण्याशिवाय आत्म्याचा वेगळा बाप्तिस्मा असतो आणि तो आल्याचं कळतं. आणि एक छोटा गट म्हणतो की आत्म्याचा बाप्तिस्मा हाच खरा, पाणी ही केवळ खूण होती, आता तिची गरज नाही. या शेवटच्या गटाकडे पुढे येऊच.

३. पाण्याची किंमत

युरोपात हा वाद धर्मशास्त्रातला होता. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात पाण्याच्या त्या चार थेंबांमागे घर, जात, बायको, मुलं, वाटणी सगळं पणाला लागायचं.

१८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. वयाने लहान, बाप्तिस्मा झालेला नव्हता. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मुलगा वडिलांच्या ताब्यात परत आला. इथे खरी अडचण सुरू झाली. चर्चच्या दृष्टीने श्रीपत ख्रिस्ती झालेलाच नव्हता, कारण पाणी पडलं नव्हतं. जातीच्या दृष्टीने तो बाटला होता, कारण तो तिथे जेवला होता. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून पुढाकार घेतला आणि त्यावरून मुंबई-पुण्यात रान उठलं. दोन्ही बाजूंच्या वह्या वेगळ्या आणि दोन्हींचे निकषही वेगळे!

पुढे सरकारलाही यात पडावं लागलं. धर्मांतराने वारसा बुडू नये म्हणून १८५०चा कायदा आला. नवराबायकोतल्या एकानेच धर्मांतर केलं तर विवाहविच्छेदाची सोय व्हावी म्हणून १८६६चा. दोन्ही कायद्यांवरून दिसतं की बाप्तिस्मा ही तेव्हा फक्त देवघरातली बाब राहिली नव्हती, ती दिवाणी बाब झाली होती.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळं एका घराच्या आत घडताना दिसतं. नवऱ्याने, म्हणजे नारायण वामन टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षं लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. नंतर नगरला त्यांच्याजवळ आल्या तरी सोवळं सोडलं नाही, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग एका रात्री विचार करता करता जातिभेद हा माणसांनी केलेला आहे असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, १९०० मध्ये. त्यांच्या बाबतीत कर्नेल्याचाच क्रम लागला म्हणायचा.

४. वाँटेजमधल्या पत्रांची लढाई

रमाबाईंचा क्रम शोमरोनाचा.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी, अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहत असताना, रमाबाईंनी आणि त्यांच्या छोट्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला. रमाबाई तेव्हा पंचविशीत होत्या. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेलेले. मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या. बाईंना वाटलं, आता ही मुलगी चर्च सांगेल ते मानेल.

रमाबाईंनी मानलं नाही. पुढची दोन वर्षं त्यांची आणि जेराल्डिनबाईंची पत्रांतून जी जुंपली आहे ती मुळातून वाचण्यासारखी आहे. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये नेमका कुठे आहे? बिशप सांगतात म्हणून मी तो का मानू? क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत? पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. मी ख्रिस्ताच्या मंडळीत आहे, पण म्हणून अमुक एका पंथाचं प्रत्येक वाक्य माझ्यावर बंधनकारक नाही, हा त्यांचा मुद्दा. दोन मंडळ्यांमधला फरक त्यांनी कुणी न शिकवता पकडला होता.

जेराल्डिनबाईंनी याला अहंकार म्हटलं. एका अर्थाने त्यांचीही बाजू आहे. चर्चमध्ये यायचं तर दाराशी वाद घालत किती दिवस उभं राहायचं? पण ज्या बाईने कोलकात्याच्या पंडितसभेत शास्त्रार्थ करून ‘पंडिता’ पदवी मिळवली, तिने वाद घालू नये ही अपेक्षाच भाबडी होती.

१८८६ मध्ये रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि अँग्लिकन चर्चची मिठी सुटली. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघालं. आणि मग १८९१च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, त्यांना जे गवसलं त्याबद्दल त्यांनी १९०७च्या आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. तिचा आशय असा, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे कळायला एका इंग्रज पाद्र्याचं पुस्तक कारण झालं. विल्यम हॅस्लम त्याचं नाव. तो पाद्री असूनही आपलं खरं परिवर्तन झालेलं नाही हे त्याला उशिरा उमगलं होतं. रमाबाईंना आपलीच गोष्ट वाचल्यासारखं वाटलं असणार.

५. केडगावची बादली

पुण्याजवळ केडगावला रमाबाईंनी मुक्तिसदन उभारलं. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली, विधवा, परित्यक्ता तिथे आल्या. या वसतीची प्रार्थनासभा कुठल्याही एका पंथाची नव्हती. ती त्यांनी जाणूनबुजून तशी ठेवली.

१९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यासाठी रोज प्रार्थना करणाऱ्या बायकांचा गट सुरू केला. आधी सत्तर जणी होत्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगात आग शिरल्यासारखं झालं. तिच्याकडे पाहून दुसरी घाबरली आणि पाण्याची बादली आणायला धावली. ओतणार तोच लक्षात आलं की कपडे जळत नाहीत. पुढचे कित्येक दिवस मुली रडत, पापं कबूल करत, नाचत, मोठमोठ्याने प्रार्थना करत राहिल्या. १९०६ मध्ये काही जणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या.

धर्मांच्या इतिहासात या तारखांना वजन आहे. जगातल्या पेंटेकोस्टल चळवळीचा उगम बहुतेक पुस्तकांत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर दाखवतात, एप्रिल १९०६ मध्ये. केडगावचं जागरण त्याआधीचं आहे आणि स्वतंत्र आहे. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्यावर एक पुस्तिका लिहिली. तिची प्रत दक्षिण अमेरिकेत चिलीच्या वाल्पाराइसो शहरात विलिस हूवर या मेथडिस्ट पाद्र्याच्या घरी पोचली, कारण हूवरांची पत्नी आणि एब्रम्स जुन्या ओळखीच्या. १९०९ मध्ये तिथल्या मंडळीत तसंच घडू लागलं. मेथडिस्ट वरिष्ठांना ते रुचलं नाही. १९१० मध्ये हूवर आणि त्यांचे लोक चर्चबाहेर पडले आणि चिलीचं स्वतंत्र पेंटेकोस्टल चर्च जन्माला आलं. दौंड तालुक्यातल्या एका गावातली ठिणगी अर्धं जग ओलांडून गेली, आणि मराठी शाळांच्या पुस्तकांत तिचा पत्ता नाही.

आता यातली गंमत पाहा. आत्म्याचा बाप्तिस्मा हा शब्द ज्यांना वहीतून सुटायचं होतं त्यांच्या तोंडी आला. पण थोड्याच वर्षांत अनेक पेंटेकोस्टल मंडळ्यांनी नवी वही उघडली. अन्य भाषांत बोललात तर आत्मा मिळाला, नाही तर नाही! रमाबाई आणि एब्रम्स या टोकाला गेल्या नाहीत. अन्य भाषा हे दान आहे, पण ते प्रत्येकाला मिळालंच पाहिजे असं नाही, असं त्या मानत. चौकटीबाहेर पडल्यावर नवी चौकट न बांधण्याचा शहाणपणा फार थोड्यांना जमतो.

६. पाणी न घेणारे

पाण्याचा बाप्तिस्माच नको म्हणणारे ख्रिस्ती खरंच आहेत. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या मागे गेलेले क्वेकर लोक पाणीही घेत नाहीत आणि प्रभुभोजनाचा विधीही करत नाहीत. शांत बसून आत्म्याची वाट पाहणं हीच त्यांची उपासना.

महाराष्ट्राला जास्त ओळखीचं उदाहरण मुक्तिफौजेचं, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीचं. नगरचं बूथ हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, पण ते चालवणाऱ्यांच्या पंथात बाप्तिस्मा नाही हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. सनदी नोकरी सोडलेले फ्रेडरिक टकर सप्टेंबर १८८२ मध्ये मुंबईत उतरले, फकीरसिंग नाव घेतलं, भगवे कपडे घातले, अनवाणी फिरले आणि मिरवणुका काढल्या म्हणून तुरुंगातही गेले. त्याच सुमारास, १८८३च्या आरंभी, लंडनमध्ये संस्थापक विल्यम बूथ यांनी प्रभुभोजनाचा विधी थांबवला. बाप्तिस्माही मागे पडला. विधी झाला की तारण झालं असं लोकांना वाटू लागतं, हे त्यांचं एक कारण. मात्र मुक्तिफौजेने हजेरीपट सोडला नाही. शिपाई व्हायचं तर झेंड्याखाली उभं राहून शपथ घ्यायची, करारावर सही करायची, दारू-तंबाखू वर्ज्य. पाणी गेलं तरी वही राहिली, आणि ती बऱ्याच चर्चपेक्षा कडक.

वहीसुद्धा नको म्हणणारा माणूस जपानमध्ये झाला. उचिमुरा कान्झो याने १८७८ मध्ये साप्पोरोत मेथडिस्ट मिशनऱ्याकडून बाप्तिस्मा घेतला, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शिकला, तिथल्या पंथापंथांतल्या भांडणांना विटला आणि परत येऊन त्याने ‘मुक्योकाई’ म्हणजे चर्चविना ख्रिस्ती चळवळ उभी केली. १९०१ मध्ये त्या नावाचं नियतकालिक काढलं. पाळक नाही, विधी नाही, फक्त बायबलचा अभ्यासवर्ग. त्याचा जन्म १८६१चा. नारायण वामन टिळकांचाही.

७. टिळकांचा दरबार

टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. नाशिकला संस्कृत शिकले. कवी, कीर्तनकार, हुशार आणि कमालीचे लहरी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या मिशनऱ्याशी गप्पा झाल्या आणि त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली. डोंगरावरचं प्रवचन वाचून टिळक हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला. तो भारतीय पाळकाच्या हातूनच व्हावा हा त्यांचा हट्ट होता आणि तो पुरला. पुढच्या बावीस वर्षांचं बीज त्या हट्टात दिसतं.

हे अमेरिकन मिशन मुंबईत १८१३ पासूनचं, नगरला १८३१ पासूनचं. त्याची रीत अशी की प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा. कागदावर ही रीत अगदी लोकशाहीची. पण पाळकाचा, शाळामास्तरांचा, प्रचारकाचा पगार मिशनच्या तिजोरीतून येत असेल, तर कारभार कोण पाहतो हे सांगायला नको. टिळकांना हे सलत होतं. मिशनऱ्यांनी साहेब किंवा मायबाप न होता भाऊ व्हावं, असं ते बोलत आणि लिहीत राहिले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली, १९१२ मध्ये ते ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादक झाले. दरम्यान त्यांनी शेकडो भक्तिगीतं लिहिली. इंग्रजी चालींचे अवघड तर्जुमे गाणाऱ्या मंडळीला अभंग आणि ओवी दिली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, हे ते उघड सांगत. चर्चमध्ये कीर्तनाला उभं राहणाऱ्या या माणसाबद्दल काही जणांना शंका वाटली असेल तर नवल नाही.

दुसरी खंत पाण्याची होती. ख्रिस्तावर प्रेम करणारी, त्याचं चरित्र वाचणारी, त्याचे अभंग गाणारी हिंदू माणसं टिळकांच्या ओळखीत भरपूर होती. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तर घर तुटणार, नाही घेतला तर चर्च त्यांना बाहेरचे म्हणणार. आपल्या घराची झालेली वाताहत टिळकांनी पाहिली होती. येशूला मानणं आणि मिशनच्या वसाहतीत राहायला जाणं ही एकच गोष्ट झाली आहे, आणि या गाठीमुळेच महाराष्ट्र ख्रिस्तापासून दूर राहतो, असं त्यांच्या मनाने घेतलं.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला, पगार सोडला, संन्यास घेतल्याचं जाहीर केलं आणि साताऱ्याला मुक्काम हलवला. लक्ष्मीबाई बरोबर. संन्यासी सहकुटुंब, हे त्यांच्याच बाबतीत शोभावं! साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्याचं सूत्र एका वाक्यात सांगता येतं. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य इथे बरोबरीने बसतील.

हे वाक्य आज सौम्य वाटतं. तेव्हा ते मिशनच्या पायालाच हात घालणारं होतं. मिशनचं सगळं मोजमाप, वर्षाचे अहवाल, बोस्टनला जाणारे आकडे, बाप्तिस्म्यांवर चालत. न घेतलेल्यांनाही शिष्य म्हणायचं तर ती मोजणीच कोसळते. आणि गंमत अशी, की टिळक नास्तिक झाले नव्हते, हिंदू धर्मात परतले नव्हते, स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी नाकारला नव्हता. ‘ज्ञानोदय’ही सुटला नाही. त्यामुळे त्यांना बंडखोर म्हणून हाकलणं सोपं नव्हतं, आणि आपले म्हणून मिरवणंही.

दरबार टिकला असता का? शंका आहे. टिळकांची प्रकृती ढासळत होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं आणि त्यांच्याच इच्छेनुसार देहाला अग्नी दिला गेला. तेव्हाच्या मराठी ख्रिस्ती समाजात प्रेत पुरण्याचीच रीत होती. त्यांच्यामागे दरबाराला दुसरा टिळक मिळाला नाही. नोंदवही, वर्गणी, नियम यांतलं काहीच नसलेली मंडळी एका माणसाच्या ओढीवर उभी असते. तो गेला की ती पांगते. हीच गोष्ट केडगावला उलटी घडली. रमाबाईंनी पंथ नाकारला, पण शाळा, छापखाना, शेती, वसतिगृह हे सगळं पक्कं उभं केलं. १९२२ मध्ये त्या गेल्यावरही मुक्ती मिशन चालूच राहिलं.

तरी दरबाराची कल्पना अगदीच वाऱ्यावर गेली नाही. नगरचे अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांच्यावर टिळकांचा खोल परिणाम झाला. १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला, १९२३ मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. संघाचा पुण्याचा आश्रम मोठा झाला, तरुण व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये तिथेच प्रथम आला. नंतर तोही चर्चमधून बाहेर पडला आणि आदिवासींमध्ये राहायला गेला. गुजरातेत मणिलाल पारेख यांनी १९१८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे म्हणू लागले की बाप्तिस्मा ही आध्यात्मिक गोष्ट आहे, त्यासाठी आपला समाज सोडून दुसऱ्या जमातीत जाण्याचं कारण नाही.

८. आजची वही

टिळकांच्या काळी बाप्तिस्म्याने घर जायचं. आज काही जणांचं प्रमाणपत्र जातं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंनाच होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राचा दावा फेटाळला. ती स्वतःला हिंदू म्हणत होती. पण लहानपणी तिचा बाप्तिस्मा झाला होता आणि ती चर्चला जात होती, हे पुराव्यात आलं. काही जण तर मुळात वहीत नाव चढवतच नाहीत. हर्बर्ट होफर या लुथरन अभ्यासकाने तमिळनाडूतल्या बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांवर १९९१ मध्ये पुस्तक लिहिलं आहे. वहीपासून दूर राहण्याची त्यांची कारणं काही धर्मशास्त्रातली आहेत, बरीचशी घरातली आणि समाजातली.

नंदुरबार जिल्ह्यात चित्र वेगळं आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे इथली दहातली जवळजवळ सात माणसं आदिवासी आहेत, आणि अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. नवापूर-चिंचपाडा पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे, चिंचपाड्याला मिशनचं हॉस्पिटल आहे. इथल्या आदिवासी कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला म्हणून जमातीचा दाखला आपोआप जात नाही. नगरच्या दलित ख्रिस्ती कुटुंबाला ही मुभा नाही. धर्म एकच, बाप्तिस्मा एकच, पण एकाच राज्यात त्याचे परिणाम दोन. जनजाती सुरक्षा मंचासारख्या संघटना गेली काही वर्षं ‘डी-लिस्टिंग’ची मागणी करत आहेत. धर्मांतरित आदिवासींना जमातीच्या यादीतून वगळावं, असं त्यांचं म्हणणं आहे. ख्रिस्ती आदिवासींचा त्याला विरोध आहे. ही मागणी मान्य झाली, तर नवापूरच्या मंडळीतली बाप्तिस्म्याची नोंदवही तहसील कचेरीतही उघडावी लागेल.